शाळेचे सुधारणेचे उद्दिष्ट कसे ठरवावे : तिसरीतल्या चौदा मुलांपासून सुरुवात

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे शाळा विकास आराखडे वाचायला घेतले, तर त्यांत काही वाक्ये पुन्हा पुन्हा आढळतात. ‘विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढवणे’, ‘उपस्थिती शंभर टक्के करणे’, ‘मागे पडलेल्या विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष पुरवणे’. या वाक्यांत गैर काही नाही आणि ती लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात मुलांचे भलेच असते. अडचण अशी की, सोमवारी शाळा भरल्यावर या वाक्यामुळे वर्गात काय वेगळे घडणार आहे हे त्यातून कळत नाही आणि वर्ष संपल्यावर ते साध्य झाले की नाही हेही कोणाला तपासता येत नाही. पहिली ते पाचवीच्या एखाद्या लहान शाळेने स्वतःसाठी सुधारणेचे उद्दिष्ट कसे शोधावे, कसे लिहावे आणि वर्षभर कसे सांभाळावे, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे मांडायचे आहे.

आधी कायद्याची बाजू पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी कलम २२ ने याच समितीवर टाकली आहे आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानासाठी हा आराखडा आधार मानला जावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे उद्दिष्ट ठरवणे हे वरून आलेले प्रपत्र भरण्याचे काम नसून, ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात त्या आईवडिलांचा तो कायदेशीर अधिकार आहे. प्रत्यक्षात आराखड्याचा मोठा भाग संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वर्गखोलीची दुरुस्ती यांनी व्यापलेला असतो. या गोष्टी आवश्यकच आहेत, त्यांपैकी अनेक तर त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत. शिवाय त्या डोळ्यांना दिसतात आणि मोजायला सोप्या असतात. मुलाला वाचता येते की नाही, हे मात्र शेजारी बसल्याशिवाय दिसत नाही, आणि म्हणूनच आराखड्यात त्याविषयी एक मोघम वाक्य लिहून पुढे जाण्याची सवय लागते.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणू. पहिली ते पाचवी, पट अठ्ठेचाळीस, शिक्षक दोन. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे पाच इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या आणि जोडवर्ग, म्हणजे एकापेक्षा जास्त इयत्ता एकत्र बसवून चालवायचे, हा तिथला रोजचा शिरस्ता. या काल्पनिक शाळेच्या तिसरीत चौदा मुले आहेत. शाळा जूनमध्ये उघडली, पहिले काही दिवस प्रवेश, पुस्तके आणि गणवेश यांत गेले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने ठरवले की, या चौदा मुलांना प्रत्यक्षात काय येते ते पाहायचे.

हे पाहण्यासाठी लेखी चाचणी फारशी उपयोगी नाही, कारण ज्याला वाचताच येत नाही त्याची उत्तरपत्रिका आणि ज्याला वाचता येते पण गणित येत नाही त्याची उत्तरपत्रिका सारखीच कोरी दिसते. एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणातील पद्धत यासाठी सोपी आणि परवडणारी आहे. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा एक छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा. तो वाक्ये वाचल्यासारखा आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला गेला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. परिच्छेदच जमला नाही, तर सुटे शब्द द्यायचे आणि शब्दही जमले नाहीत, तर अक्षरे. एका मुलाला पाच मिनिटे लागतात. चौदा मुलांचे काम दोन दिवसांच्या मधल्या वेळात उरकते.

यात एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे मजकूर मुलाने कधीही न पाहिलेला असावा. पाठ्यपुस्तकातले पान उघडून दिले की अनेक मुले ते घडाघडा म्हणतात, बोटही ओळीवरून फिरत असते, आणि पालकांना वाटते की पोरगं वाचायला लागलं. अशा वेळी त्याच पानावरच्या मधल्या ओळीतील एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असे विचारून पाहावे. मूल थांबते, मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन मनात पाठ म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येते. त्याने लबाडी केलेली नसते. वर्गात सामुदायिक वाचन ऐकून ऐकून त्याने पाठ कानांनी शिकलेला असतो आणि तेच वाचन, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

आपल्या शाळेत जुलैमध्ये असे चित्र दिसले : चार मुले गोष्ट वाचतात, तीन परिच्छेदापर्यंत येतात, चार शब्दांवर अडतात, दोघांना फक्त अक्षरे ओळखता येतात आणि एकाला बहुतेक अक्षरेही येत नाहीत. चौदा मुलांची ही एक ओळ शाळेच्या वर्षभराच्या नियोजनाचा पाया ठरू शकते. राज्याचा किंवा देशाचा आकडा हे काम करू शकत नाही. ‘असर’च्या अहवालांनुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. कोरोनाकाळातील नुकसान आणि त्यानंतरची भरपाई त्यातून समजते. पण आपल्या शाळेत शब्दांवर अडलेली ती चार मुले कोण, हे त्यातून समजत नाही.

इथे टक्क्यांविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण लहान शाळांच्या आराखड्यांत सर्वांत जास्त फसगत टक्क्यांनी होते. चौदा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सुमारे सात टक्के. परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला, तरी वर्गाची ‘गुणवत्ता’ सात टक्क्यांनी खाली जाते. याहून मोठा घोळ वर्षांच्या तुलनेत होतो. समजा, गेल्या वर्षी तिसरीत बारा मुले होती, वर्षारंभी त्यांतली सात गोष्ट वाचत होती आणि वर्षअखेर आठ वाचू लागली. या वर्षी चौदापैकी चार वाचत होती आणि वर्षअखेर आठ वाचू लागली. टक्केवारी काढली तर गेल्या वर्षीचे ६७ आणि या वर्षीचे ५७, म्हणजे शाळा दहा टक्क्यांनी घसरली असा निष्कर्ष निघेल आणि बैठकीत शिक्षिकेला खुलासा विचारला जाईल. खरे तर गेल्या वर्षी एक मूल पुढे गेले होते आणि या वर्षी चार गेली. तिसरीची तुलना गेल्या वर्षीच्या तिसरीशी केली की दोन वेगळ्या गटांतील मुलांची तुलना होते. म्हणून लहान शाळेने मुले मोजावीत, टक्के मोजू नयेत, आणि तीच मुले जुलैत कुठे होती व फेब्रुवारीत कुठे आहेत हे पाहावे. माझ्या मते आराखड्याच्या प्रपत्रात टक्क्यांचा रकाना असला, तरी त्याच्या शेजारी मुलांची संख्या लिहिण्याचा आग्रह समितीने धरायला हवा.

आता प्रत्यक्ष उद्दिष्ट लिहू. ‘तिसरीतील चौदापैकी अकरा मुले फेब्रुवारीअखेर दुसरीच्या पातळीची अनोळखी गोष्ट वाचतील आणि तिच्यावरील सोप्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देतील, उरलेली तिन्ही मुले त्याच मुदतीत परिच्छेदापर्यंत पोहोचतील, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक मूल जुलैतल्या पायरीच्या किमान एक पायरी पुढे असेल.’ ज्यांना आज गोष्ट वाचता येते त्यांची पुढची पायरी म्हणजे वाचलेल्याविषयी चार-पाच वाक्ये लिहिणे. वाक्य लांबलचक झाले आहे हे खरे, पण कोण, काय, किती आणि कधीपर्यंत या चारही गोष्टी त्यात आहेत, आणि शाळेत न शिकलेल्या आजीलाही नातवाला शेजारी बसवून ते कितपत खरे ठरले याचा अंदाज घेता येईल.

अकरा आणि तीन असे दोन भाग का केले, याला कारण आहे. उद्दिष्ट फक्त ‘अकरा मुले गोष्ट वाचतील’ एवढेच असते, तर शिक्षिकेचे लक्ष साहजिकच परिच्छेद आणि शब्द या पायऱ्यांवरच्या सात मुलांवर गेले असते, कारण थोडा जोर लावला की तीच मुले पलीकडे जातात आणि आकडा पूर्ण होतो. ज्याला अक्षरे येत नाहीत, तो कितीही शिकला तरी यंदा गोष्टीपर्यंत पोहोचणार नाही, म्हणजे आकड्याच्या दृष्टीने त्याच्यावर घालवलेला वेळ वाया गेला, असा हिशेब नकळत मनात तयार होतो. ज्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज आहे, तेच मूल अशा रीतीने उद्दिष्टाच्या बाहेर पडते. त्या तीन मुलांसाठी वेगळे वाक्य लिहिले की त्यांची प्रगतीही हिशेबात येते.

उद्दिष्ट किती उंच असावे, यासाठी काही मोजपट्ट्या उपलब्ध आहेत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाने तिसरीअखेर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मिळवावे असे ठरवले. त्यातील लक्ष्यांनुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात. शब्दांच्या या मोजणीबाबत मराठी शाळांनी थोडे सावध राहायला हवे. आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिते. ‘घराजवळच्या’ हा मोजणीत एकच शब्द, पण हिंदीत त्याच अर्थाचे तीन-चार सुटे शब्द होतात. साहजिकच मराठीत मिनिटाला कमी शब्द वाचणारे मूल तेवढेच चांगले वाचत असू शकते. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने केलेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांसाठी स्वतंत्र निकष काढण्याचे ठरले, त्यामागे हाच विचार होता. म्हणून मोबाइलमधले घड्याळ लावून शब्द मोजावेत जरूर, पण वाचून झाल्यावर ‘मग त्या शेळीचं काय झालं?’ असे विचारण्याआधी त्या आकड्यावर शिक्कामोर्तब करू नये.

उद्दिष्ट ठरले की त्याच्यामागचे कारण शोधावे लागते, कारण सारख्याच दिसणाऱ्या अडचणींची कारणे वेगवेगळी असतात. गणितातले एक उदाहरण पाहा. मुलांना ५२ वजा ३७ करायला दिले आणि चौदांपैकी नऊ जणांनी २५ असे उत्तर लिहिले. ‘वजाबाकी येत नाही’ असा शेरा मारून सरावासाठी आणखी वीस उदाहरणे देता येतील आणि मुले ती वीसही तशीच चुकवतील. ते २५ कुठून आले, हे पाहिले तर मार्ग सापडतो. मुलांनी दशकांत पाचातून तीन वजा केले आणि एककांत दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. म्हणजे त्यांना वजाबाकी येते. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, आणि गरज पडली तर एक दशक सोडवून दहा सुटे करता येतात, ही गोष्ट त्यांच्या हाताखालून गेलेली नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यांतून सदतीस काड्या मागितल्या, तर मूल थोडा वेळ विचार करते आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढते. शाळेचे गणितातले उद्दिष्ट ‘हातच्याची वजाबाकी काड्यांनी करून मग कागदावर मांडता येणे’ इतके नेमके असू शकते आणि त्यासाठी लागणारा खर्च रबरांच्या एका पुडीचा आहे.

काही वेळा कारण वर्गाच्या बाहेर असते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातले मूल घरी भिली किंवा पावरी बोलते, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया. त्याच्यासाठी मराठी अक्षरांच्या आधी मराठी बोलण्याची पायरी येते आणि ती वगळून लिहिलेले उद्दिष्ट पहिल्याच महिन्यात अडखळते. बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. अशा शाळेने ‘फेब्रुवारीअखेर’ ही मुदत ठेवली, तर त्या दिवशी वर्गात अर्धी मुलेच नसतील. तिथे पहिला मुक्काम गाड्या निघण्यापूर्वीचा असावा, दुसरा परतल्यानंतरचा, आणि मधल्या काळात मूल हंगामी वसतिगृहात राहणार की आजीजवळ, हा प्रश्न उद्दिष्टाचाच भाग मानावा. उपस्थितीचेही असेच आहे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. ज्या मुलाची हजेरी नव्वद टक्के आहे, त्याचे वीस दिवस बुडतात, आणि ते सलग बुडाले तर एखादी संपूर्ण संकल्पना निसटते. त्यामुळे शंभर टक्के उपस्थितीची घोषणा करण्यापेक्षा, हजेरीपट उघडून महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुले कोणती आणि का, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

आपल्या शाळेत शिक्षिकेने काय बदलायचे? तिने आणि मुख्याध्यापकांनी मिळून रोजची पंचेचाळीस मिनिटे इयत्ता बाजूला ठेवून तिसरी ते पाचवीची मुले वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची, एक गट तिने घ्यायचा, एक मुख्याध्यापकांनी, आणि गोष्ट वाचणाऱ्या मुलांना पुस्तकपेटी उघडून द्यायची. चौथीतला मुलगा तिसरीतल्या मुलांबरोबर शब्द वाचायला बसला की त्याला कमीपणा वाटू नये, याची काळजी घ्यावी लागते. गटांना ‘अप्रगत’ वगैरे नावे न देता फुलांची किंवा पक्ष्यांची नावे देणारे शिक्षक ही काळजी अचूक घेतात. पैशांचा विचार केला, तर ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. वीज, खडू आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता गोष्टींच्या पुस्तकांसाठी दोन-तीन हजार रुपये समितीने ठरावाने राखून ठेवले, तर हे उद्दिष्ट अनुदानाशीही जोडले जाते. वाचन, वजाबाकी आणि गैरहजेरी एवढी तीन उद्दिष्टे दोन शिक्षकांच्या शाळेला वर्षभर पुरेशी आहेत. पंधरा उद्दिष्टांचा तक्ता पाहिला की मला त्या शिक्षकांची काळजी वाटते, कारण मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळून त्यांना हे करायचे असते.

तपासणी कोणी करायची, हा नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. ज्याच्या वर्गाचे उद्दिष्ट आहे त्यानेच चाचणी घेतली, तर माया आड येते. अडलेल्या शब्दाचे पहिले अक्षर ओठांवर आणले जाते आणि मूल पुढे वाचते. दोन शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग तपासणे किंवा केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शेजारच्या शाळेतील शिक्षकांना बोलावणे, हे उपाय सहज जमण्यासारखे आहेत. मात्र हे यश-अपयश कोणाच्या गोपनीय अहवालात किंवा बदलीच्या चर्चेत जाणार नाही, असा विश्वास केंद्रप्रमुखांनी आधी द्यायला हवा. ज्या आकड्याची भीती वाटते, तो आकडा खरा लिहिला जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या सभेत समितीपुढे मुलांची नावे वाचू नयेत. कोणत्या पायरीवर किती मुले आहेत, एवढेच सांगावे आणि प्रत्येक आईवडिलांशी त्यांच्या मुलाबद्दल स्वतंत्रपणे बोलावे. समजा, चौदापैकी बारा मुले एकेक पायरी पुढे गेली आणि दोन जागच्या जागी राहिली. अशा वेळी उद्दिष्टाचा आकडा खाली आणण्याची घाई करू नये, आणि शिक्षिकेने आणखी मेहनत घ्यावी असा ठराव करूनही काही साधत नाही. त्या दोघांबाबत काय वेगळे करायचे, हे ठरवायचे असते. हजेरीपट पाहिला तेव्हा एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस घरी राहते असे दिसले. अंगणवाडीताईंशी बोलून भावाची सोय करण्याचे काम समितीतील एका आईने स्वतःकडे घेतले. दुसरा मुलगा रोज येतो, तोंडी सगळे सांगतो, पण फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्याची वाट न पाहता त्याला ग्रामीण रुग्णालयात नेण्याचे ठरले. सभेच्या इतिवृत्तात त्या दिवशी तिसरीच्या उद्दिष्टाखाली अशी नोंद झाली : ‘१२ मुले पुढे, २ मुले तिथेच, एकीच्या घरची अडचण सोडवणे, एकाचे डोळे तपासणे, तोपर्यंत त्याला पहिल्या रांगेत बसवणे, पुढील सभेत माहिती घेणे.’